राजाबाईचा टाका

१

दुसऱ्यांनी अर्धवट टाकलेलं शिवण पुरं करून देणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. निपाणीच्या शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं, पेन्शन घेतली आणि बेळगावात खासबागेला भावाच्या रिकाम्या घरात येऊन राहिले. वाटलं होतं, आता निवांत जप करत बसावं. पण बेळगावात वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात आणि त्यांच्यावर मावळा होऊन उभं राहायची हौस असलेल्यांना हल्ली भाड्याचे चकचकीत पोशाख चालत नाहीत. सगळं जुन्यासारखं हवं, हातानं शिवलेलं हवं. मग मोबाईलवर बघून अंगरखे बेततात, चार दिवस बोटांना सुया टोचून घेतात आणि ते गाठोडं कपाटावर जाऊन पडतं. शिवजयंती तोंडावर आली की तीच गाठोडी माझ्या दारात. कुणाची बाही उलटी, कुणाच्या बंदांचा पत्ता नाही, एकानं तर गळाच ठेवलेला नव्हता. मी त्यांना चार शब्द सुनावते आणि काम ठेवून घेते.

रचना अशीच एका दुपारी आली. सासर गुंजीचं, खानापूरकडचं; नवराबायको दोघंही आता बेळगावात नोकरीला. तिचा नवरा महादेव यंदा त्यांच्या मंडळाच्या चित्ररथावर उभा राहणार होता.

"बाई, ह्ये आमच्या आत्तींनी शिवलंय, ह्यांच्यासाठी," ती गाठोडं मांडीवर धरूनच म्हणाली. "थोडंच राहिलंय बघा. तेवढ्यात त्या गेल्या."

आत्ती म्हणजे सासू, राजाबाई. गुंजीच्या आसपास वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्यायची तर राजाबाईकडूनच, एवढं त्या बाईचं नाव होतं म्हणे. थंडीत गेल्या.

"शेवटी शेवटी त्यांस्नी अन्नच जाईना, बाई. पेज पन उलटायची. पन सुई सोडली न्हाय. मी म्हणायची, आत्ती, पडा की जरा. तर म्हणायच्या, माझ्या म्हादूचं एवढं होऊ दे गं."

तिनं गाठोडं सोडलं आणि माझं तिच्या बोलण्याकडचं लक्षच उडालं.

तो दगला होता. पूर्वी शिपाईगडी घालायचे तो, कापडाचे थर एकावर एक घालून वाकळेसारखा टाके घालत शिवलेला जाड अंगरखा. वर पांढरं जाडंभरडं कापड, आत राजाबाईच्या जुन्या लुगड्यांचे थर. टाक्याची ओळ कडेपासून निघाली होती आणि कुठंही न तुटता, सगळ्या अंगाला फेरे घालत आत आत येत डाव्या छातीवर पोचली होती. तिथं तळव्याएवढी जागा तेवढी उघडी राहिली होती. मी दगला उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसून पुन्हा उलटा केला. आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, कळेना. एकही गाठ दिसेना. आयुष्यभर मी मुलींना सरळ टाका शिकवला, आणि मला स्वतःला असा एक टाका कधी आला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

निघताना रचनानं पदराची गाठ सोडून कागदाची पुडी दिली. आत चिमूटभर तांदूळ होते.

"मिटायच्या अगुदर ह्ये आत घाला, बाई. वाकळंचं पोट भरल्याबगर मिटत न्हाईत आमच्यात."

"घालते हो," मी म्हटलं. माझी नजर टाक्यांवर होती.

२

तांदूळ मी घातले नाहीत.

विसरले नव्हते. चांगला विचार करून घातले नाहीत. आमच्या जैनांच्या घरात धान्य म्हटलं की आधी ऊन दाखवायचं, मग निवडायचं, किडा दिसला तर अलगद बाहेर सोडायचा, हे बाळकडूच असतं. कापडात कोंडलेल्या तांदळाला महिनाभरात टोके होणार. आणि तो दगला वैशाखाच्या घामात एक धिप्पाड गडी अंगात घालून नाचणार, दहाजण त्याला मिठ्या मारणार. म्हणजे मी माझ्या हातानं जीव आत कोंडून वर त्यांना चिरडायची सोय करायची! छे. पुडी गच्चीवर नेली, कठड्यावर पसरली. चिमण्यांनी बघता बघता साफ केली. चिमण्यांचं पोट भरलं ते कुठं वाया गेलं, असं म्हणून मी खाली आले आणि उघडी जागा मिटवून टाकली.

माझे टाके वाईट नव्हते. पण राजाबाईच्या ओळीला लागून ते बघताना शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टर आल्यावर व्हायची तशी धडधड झाली. तिचा टाका श्वास घेतल्यासारखा आत जायचा आणि वर यायचा. माझा नुसता नीटनेटका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगला उजेडात नेला. आपलं कुठं कमी पडलं ते बघावं म्हणून. आणि मला माझे टाके सापडेनात.

डाव्या छातीवर बोट फिरवलं. ओळ सलग होती. कुठून कुठपर्यंत राजाबाई आणि कुठून मी, काही कळेना. आधी तर मला आनंदच झाला. म्हटलं, त्रिशला, हात गेला नाही गं तुझा अजून! शेजारणीला बोलावून दाखवावं असं वाटलं.

मग ध्यानात आलं की मी नवा दोरा वापरला होता, पांढराशुभ्र. आणि इथला दोरा सगळीकडं एकसारखा होता, जुना, जरा पिवळसर.

उजेडाचा दोष असेल. चष्म्याचा नंबरही बदलायला झाला होता. मी दगला घडी करून ठेवला.

३

महादेव माप बघायला आला तेव्हा शर्टाच्या गुंड्या ताणलेल्या, मान भरलेली, आवाज घुमणारा. फौंड्रीत सुपरवायझर होता आणि बोलताना मशीनच्या वर आवाज काढायची सवय घरातही सुटलेली नव्हती. दारातूनच त्यानं मला "बाई, चहा न्हाय दिलासा तरी चालंल, पन बिस्कीट द्या," म्हणून हसवलं.

दगला अंगात घातला आणि त्यानं दोन्ही तळवे छातीवरून फिरवले.

असा बसला होता तो अंगावर! खांद्याला एक सुरकुती नाही, काखेत ताण नाही. पोराचं अंग डोळे मिटून माहीत असलेल्या आईलाच असं बेतता येतं. मी दूर उभी राहून बघत होते आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईच्या पाया पडत होते.

"कसं वाटतंय, महादेवअण्णा?"

त्याचे डोळे मिटलेले.

"पाठीवरनं हात फिरवल्यागत वाटतंय, बाई," हळूच म्हणाला. त्याला एवढा हळू आवाज काढता येत असेल असं वाटलं नव्हतं. "ल्हान असताना ताप आला की फिरवायची तसा."

काढताना त्यानं वेळ लावला. मग म्हणाला, घरी नेतो, तालमीला घालतो, अंगाला सवय झाली पाहिजे. मी हो म्हटलं. का नको म्हणायचं? कापडाला अंगाची सवय आणि अंगाला कापडाची, दोन्ही लागतंच.

४

शिवजयंती जवळ आली तसा तो पुन्हा आला. बरोबर रचना होती.

"लूज व्हायलाय ओ, बाई. जरा आत घ्या."

मी आधी दगल्याला टेप लावला. दगला होता तेवढाच होता. मग त्याच्या छातीला लावला आणि पुन्हा लावला. शर्टाच्या गुंड्या आता ताणलेल्या नव्हत्या. गळ्याची हाडं वर आली होती.

"फुकटात बारीक झालो, बरंच की," तो हसला. रचना हसली नाही. त्याला फोन आला आणि तो बाहेर पायरीवर गेला, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"खातंय लई, बाई. साकू, बास म्हणून म्हणत न्हाय. भाकरीवर भाकरी खातंय, आनी अंगाला काय बी लागत न्हाय. डॉक्टरला दाखवलं, साखर बघितली, रक्त बघितलं. सगळं बरं हाय म्हणाले. कामावरनं आलं की ह्यो घालून बसतंय. काढा म्हटलं की अंगावर येतंय."

उन्हाळा आहे, तालीम चालू आहे, आई जाऊन वर्षही झालं नाही, मी तिला सगळी कारणं सांगितली. बोलता बोलता दगला मांडीवर घेतला. तो हाताला जड लागला. आणि फुगीर. नव्या कापसाच्या गादीवर हात ठेवावा तसा. आत तर नुसते लुगड्यांचे थर होते, विरलेले.

"बाई, तांदूळ घातलासा न्हवं?"

मला खोटं बोलता येत नाही, ही माझी फुशारकी होती. "नाही गं," मी म्हटलं, आणि किड्यांचं, जीवांचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती दगल्याकडं बघत होती.

"मग उपाशीच ऱ्हायली की ओ ती," ती म्हणाली.

कोण ती, हे मी विचारलं नाही.

दोघींनी मिळून ठरवलं की मी टाके उसवायचे, तांदूळ घालायचे आणि पुन्हा मिटायचं. महादेवला सांगितलं की आत घ्यायचा आहे, इथंच राहू दे, मिरवणुकीच्या दिवशी दुपारी घेऊन जा. त्यानं मुठीत धरलेली बाही रचनानं बोट न् बोट सोडवली.

५

त्याच संध्याकाळी उसवायला बसले. पण उसवायचं कुठं? माझा टाका सापडला असता तर मी तो डोळे मिटून कापला असता. तिथं सगळे राजाबाईचे होते. कात्री जवळ नेली की वाटायचं, ही ओळ त्या बाईनं अन्न जात नसताना घातली आहे, पोराच्या ओढीनं घातली आहे, आणि असं काम या भागात पुन्हा कुणाच्या हातून होणार नाही. उद्या कापू. दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं.

एकीकडं स्वतःवर हसत होते. चिमूटभर तांदळानं माणूस वाळतो होय? आणि एकीकडं ती गळ्याची वर आलेली हाडं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मिरवणूक काही तासाभराची नसते. तेवढा वेळ तो हा दगला अंगात घालून उभा राहणार होता, आणि नंतर काढणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मिरवणुकीच्या दिवशी जेवण आवरलं आणि मन घट्ट करून बसले. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो. त्याची इतकी सवय झाली आहे की तो ऐकूच येत नाही. डाव्या छातीवर कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. "माफ करा, राजाबाई," म्हटलं, आणि कापलं. बोटभर फट पडली. आत विरलेल्या लुगड्याचा हिरवा रंग दिसला.

तेवढ्यात करंट गेला. सगळे माग एकदम थांबले.

त्या शांततेत आवाज आला. जाड कापडातून दोरा ओढल्याचा, सुर्र असा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पुन्हा आला. घरात मी एकटी होते. माझ्या एका हातात कात्री होती, दुसऱ्यात तांदळाची वाटी. सुई डबीत होती, डबी फळीवर.

फटीच्या कडेला सुईचं टोक वर आलं. आतून.

मी किंचाळले नाही. मांडीवरून दगला फेकलाही नाही. वाटीतले तांदूळ फटीत ओतले. काही बाहेर सांडले. क्षणभर सगळं थांबलं. मग आत गेलेले तांदूळ वर यायला लागले, एक एक दाणा, ताटातला खडा बोटानं कडेला सारावा तसे. ते सगळे बाहेर आले आणि सुई पुन्हा चालू झाली.

फट मिटत आली तेव्हा मला बोट दिसलं. सुई पुढं सारणारं. टोकाला घट्टे पडलेलं, नख झिजलेलं. तेवढंच. आणि मी काय बघत होते सांगू? ते बोट किती कमी हलत होतं! आम्ही मनगट हलवतो, मी पोरींना तेच शिकवलं. ती नुसतं पेर हलवत होती. म्हणून तो टाका तसा पडत होता. सगळं आयुष्य मला जे कळलं नाही ते मी तिथं, भीतीनं घामाघूम होऊन, बघितलं आणि मला कळलं.

ओळ मिटली. माझ्या कापल्याची खूण राहिली नाही.

"बाई," दारातून महादेवचा आवाज आला. "झालं का?"

मी दगला आतल्या खोलीत कपाटात टाकला आणि बाहेर आले. तो मावळ्याचं पागोटं बांधून, कपाळाला गंध लावून उभा होता. वरच्या अंगात नुसता बनियन, आणि त्याच्या आत मोजता येतील अशा फासळ्या.

"काल इस्त्री करायला गेले," मी म्हटलं. "जळाला."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. शेवटी उठून मला जे बोलला ते आजवर मला कुणी बोललं नव्हतं. मी ऐकून घेतलं. तो भाड्याचा अंगरखा घालून चित्ररथावर उभा राहिला, असं नंतर कळलं.

६

दगला जाळायचाच होता. दुसऱ्या दिवशी गच्चीवर नेला, रॉकेल नव्हतं म्हणून खाली गोवऱ्या घातल्या, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली तरी मी टाकेच बघत होते. असलं काम जाळणारी मी कोण? मला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा मला ती बाई आवडली होती.

आषाढात एका रविवारी महादेव आला, एकटाच. अंगानं पुन्हा भरला होता, आवाज पहिल्यासारखा घुमत होता. बघून माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोनदा पोहे वाढले.

"तुमच्यावर लई चिडलतो, बाई. चुकलंच माझं," तो म्हणाला. "एक मागायला आलतो. जळका असू दे, आईच्या हातचा एक तुकडा ऱ्हायला असंल तर द्या की."

"काही राहिलं नाही, अण्णा."

तो मान हलवत राहिला. रविवार होता, माग बंद होते. आणि आतल्या खोलीतून सुर्र आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

महादेवनं ताटली खाली ठेवली.

"आत कोन शिवतंय?"

"आहे एकजण. येते माझ्याकडं."

"शिकाय येती?"

"नाही. मीच तिच्याकडून शिकते."

तो ऐकत राहिला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "आईचा दोरा असाच वाजायचा," तो म्हणाला, आणि उठून आतल्या दाराकडं निघाला.

मी त्याच्या आधी जाऊन दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले, तशा बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. त्यानं त्या बांगड्यांकडं बघितलं. मग माझ्या गळ्याकडं. त्याच्या एका धक्क्यानं मी बाजूला झाले असते, तेवढं अंग माझ्यात उरलं नव्हतं.

"तुमी लई वाळलासा, बाई."

"वय झालं, अण्णा. जा तू. रचना वाट बघत असेल."

 आत दोरा ओढला जात होता, आता जरा सावकाश. शेवटी तो मागं फिरला, चपला घातल्या आणि पायरीवरून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "दम लागाय लागलाय बघा तिला, दोरा ओढताना. कवाची उपाशी असंल. आदी तिला जेवाय घाला."

तो गल्लीच्या वळणाला जाईपर्यंत मी दारात थांबले. मग कडी लावली, आत गेले आणि दगला अंगात घातला.